हॉटेल मॅनेजमेंटनंतर जनरल एमबीए : कोणी करावं, कधी करावं आणि खर्च कसा भागवावा

वसमत, औंढा, कळमनुरी, पूर्णा, नांदेड या पट्ट्यातल्या आपल्या घरांतली काही मुलं बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जातात. कोणी नांदेडला शिकतो, कोणी छत्रपती संभाजीनगरला, कोणी पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला. तीन-चार वर्षं होतात, डिग्री हातात येते, एखाद्या मोठ्या हॉटेलात ट्रेनी म्हणून नोकरी लागते. मग वर्ष-सहा महिन्यांत घरी फोन येतो, "अब्बू, मला एमबीए करायचंय." घरच्यांना प्रश्न पडतो की आता हे काय नवीन? आधीचं शिकलेलं वाया गेलं का? अजून दोन वर्षं आणि अजून काही लाख घालायचे का?

हा लेख त्याच प्रश्नासाठी आहे. यात पात्रता, परीक्षा, कॉलेज, सवलती आणि खर्चाचा हिशोब एका ठिकाणी दिला आहे. थोडक्यात सांगायचं तर हॉटेलची डिग्री आणि जनरल एमबीए यांची जोडी चांगली बसते. पण मुलाला पुढे कोणतं काम करायचंय हे आधी ठरलेलं असेल तरच. फक्त हॉटेलमधून सुटका म्हणून केलेला एमबीए बहुतेक वेळा महागात पडतो.

आधी हातातली डिग्री तपासा

"हॉटेल मॅनेजमेंट केलंय" असं सगळेच म्हणतात, पण त्यात तीन-चार वेगवेगळे प्रकार आहेत.

पहिला, बीएचएमसीटी. ही चार वर्षांची पदवी. महाराष्ट्रात तिचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतात.

दुसरा, बीएस्सी हॉस्पिटॅलिटी. यात सरकारी आयएचएम संस्था येतात. मुंबईत दादरला असलेली आयएचएम १९५४ पासून चालू आहे आणि लोक तिला आजही 'दादर केटरिंग कॉलेज' म्हणूनच ओळखतात. या संस्थांचे प्रवेश राष्ट्रीय पातळीवरच्या एनसीएचएम जेईई परीक्षेतून होतात. काही विद्यापीठांची स्वतःची बीएस्सी हॉस्पिटॅलिटी स्टडीज ही तीन वर्षांची पदवीही आहे.

तिसरा, डिप्लोमा किंवा क्राफ्ट कोर्स. सहा महिने, एक वर्ष, कधी तीन वर्षांचा. काम शिकायला हे कोर्स चांगले आहेत, पण डिप्लोमा म्हणजे पदवी नाही. एमबीएला किमान तीन वर्षांची मान्यताप्राप्त पदवी लागते. बारावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला असला तरी त्याच्यावर एमबीएला प्रवेश मिळत नाही. अशा मुलाने आधी पदवी पूर्ण करावी. नोकरी करत करायची असेल तर इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हा मार्ग आहे.

चौथा, परदेशी विद्यापीठाची पदवी. भारतातच शिकून परदेशी विद्यापीठाची पदवी देणाऱ्या संस्था आहेत. हॉटेल उद्योगात या पदवीला किंमत असते. पण भारतात एमबीएला जाताना समकक्षता प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. ते मिळतं का, कुठून मिळतं, किती दिवस लागतात, हे बारावीनंतर प्रवेश घेतानाच कॉलेजला लेखी विचारून ठेवावं.

जनरल एमबीए म्हणजे काय

एमबीए दोन वर्षांचा, चार सेमिस्टरचा असतो. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं शिकावं लागतं. हिशोब, अर्थशास्त्र, मार्केटिंग, मनुष्यबळ, ऑपरेशन्स, संख्याशास्त्र, कायदा. मधल्या सुट्टीत कंपनीत इंटर्नशिप. दुसऱ्या वर्षी एक विषय निवडायचा. मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स किंवा बिझनेस अॅनालिटिक्स. यालाच बोलीभाषेत जनरल एमबीए म्हणतात.

हॉस्पिटॅलिटीचा एमबीए किंवा एमएस्सी वेगळा. त्यात हॉटेलच्या खोल्यांचे दर, रेस्टॉरंटचा खर्च, पर्यटन हेच विषय खोलात जाऊन शिकवले जातात. तो केल्यावर माणूस हॉटेल उद्योगातच वर चढतो, बाहेर पडणं अवघड जातं. जनरल एमबीएने बाहेरची दारं उघडतात, पण हॉटेलच्या आतल्या कामात तो थेट उपयोगी पडेलच असं नाही.

मोठ्या हॉटेल कंपन्यांत दोन्ही वाटांनी आलेली माणसं दिसतात. ताज हॉटेलं चालवणाऱ्या इंडियन हॉटेल्स कंपनीचे प्रमुख पुनीत छटवाल यांचा एमबीए फ्रान्समधल्या ईएसेक संस्थेचा, हॉस्पिटॅलिटीतला. लेमन ट्री हॉटेल्स सुरू करणारे पतंजली केसवानी यांनी हॉटेल मॅनेजमेंट कधी केलंच नाही. ते आयआयटी दिल्लीचे इंजिनिअर, आयआयएम कलकत्त्याचे एमबीए. ताज ग्रुपमध्ये अनेक वर्षं काम केलं आणि मग २००२ मध्ये स्वतःची कंपनी काढली. म्हणजे जनरल एमबीए केला की हॉटेलचं दार बंद होतं असं अजिबात नाही.

मुलं हॉटेल सोडायला का बघतात

घरच्यांनी हे समजून घेतलं तर पुढचा मशवरा सोपा होतो.

हॉटेलचं काम चार मुख्य विभागांत चालतं. किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग. सुरुवातीची वर्षं पायावर उभं राहून काढावी लागतात. शिफ्ट बदलती असते. सकाळी काही तास, मग दुपारी सुट्टी आणि परत रात्री ड्युटी, अशी ब्रेक शिफ्टही असते. ईद, दिवाळी, रविवार, लग्नसराई या दिवशी बाहेरच्या लोकांना सुट्टी असते आणि हॉटेलात सगळ्यात जास्त गर्दी. सुरुवातीचा पगार मेहनतीच्या मानाने कमी वाटतो.

आपल्या घरांत अजून एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल लोक कॉलेजात मोकळेपणी बोलत नाहीत. स्टार हॉटेलात सर्व्हिस विभागात दारू द्यावी लागते, बारमध्ये ड्युटी लागते, किचनमध्ये काही वेळा डुकराचं मांस हाताळावं लागतं. अभ्यासक्रमातही वाइन आणि पेयांचा विषय असतो. काही मुलं हे निभावून नेतात, काहींच्या मनाला ते सलत राहतं. हलाल रोजीचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये आणि त्यावरून मुलाला टोमणेही मारू नयेत. बदली मागता येते. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, बेकरी, खरेदी, हिशोब, एचआर या विभागांत दारूशी थेट संबंध येत नाही किंवा अगदी कमी येतो. काम कितपत जायज आहे याबद्दल मनात शंका असेल तर आपल्या भरवशाच्या आलिमांना कामाचं नेमकं स्वरूप सांगून विचारावं.

मुलींच्या बाबतीत रात्रीची ड्युटी हा मुद्दा असतो. ड्युटी संपल्यावर हॉटेलची गाडी घरी सोडते का, राहण्याची सोय कुठे आहे, हे नोकरी घेतानाच विचारावं.

आता मुलगा किंवा मुलगी या कारणांमुळे एमबीएचं म्हणत असेल तर त्यांना एकच प्रश्न विचारा. "हॉटेल सोडून कुठं जायचंय?" उत्तर "कुठंही, पण इथं नको" असं आलं तर थोडं थांबा. विभाग बदलून किंवा हॉटेल बदलूनही प्रश्न सुटू शकतो, आणि त्याला फी लागत नाही.

हॉटेलची डिग्री आणि एमबीए मिळून कोणती कामं मिळतात

हॉटेलात शिकलेला मुलगा चार गोष्टी शिकून येतो. अनोळखी माणसाशी बोलायला घाबरत नाही. चिडलेल्या ग्राहकाला शांत करतो. वेळेवर माल आणि माणसं जमवतो. वाया जाणाऱ्या मालाचा हिशोब ठेवतो. एमबीएनंतर या गोष्टी खाली दिलेल्या कामांत उपयोगी पडतात.

१. हॉटेलं-रेस्टॉरंटांना माल विकणाऱ्या कंपन्या. तेल, मसाले, पीठ, चहा, भांडी, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत हॉटेल आणि केटरिंगच्या ग्राहकांसाठी विक्रीचा वेगळा विभाग असतो. किचनमध्ये काम केलेला माणूस शेफशी त्याच्या भाषेत बोलू शकतो. आपल्या वसमतसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालेलं आहे, इथली हळदीची बाजारपेठ मोठी आहे, पण बरीचशी हळद पोत्यातूनच बाहेर जाते. ती दळून, पॅक करून हॉटेलांपर्यंत पोहोचवायला किचन आणि मार्केटिंग दोन्ही कळणारा माणूस लागतो.

२. दवाखाने. मोठ्या हॉस्पिटलांत रुग्णांचं जेवण, सफाई, कपडे, दाखल करणं, तक्रारी हे सगळं काम हॉटेलसारखंच असतं. ऑपरेशन्सचा एमबीए इथे चालतो. हलाल रोजीची चिंता असणाऱ्यांना हे क्षेत्र बरं पडतं.

३. रेस्टॉरंटच्या साखळ्या. डॉमिनोज भारतात ज्युबिलंट फूडवर्क्स चालवते. पश्चिम आणि दक्षिण भारतातली मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ चालवते. अशा कंपन्यांत एका दुकानाचा मॅनेजर, मग काही दुकानांचा मॅनेजर, मग शहराचा, अशी शिडी असते.

४. प्रवास आणि डिलिव्हरीच्या कंपन्या. मेकमायट्रिप, ओयो, झोमॅटो, स्विगी यांना हॉटेल आणि रेस्टॉरंटवाल्यांशी करार करणारी माणसं लागतात.

५. हॉटेलच्याच आतली ऑफिसची कामं. सेल्स, एचआर, खरेदी, आणि रेव्हेन्यू म्हणजे रोज खोलीचा दर किती ठेवायचा हे ठरवणारं काम. आकड्यांत रस असेल तर रेव्हेन्यूचं काम करून बघण्यासारखं आहे.

६. हज-उमरा आणि धार्मिक पर्यटन. मक्का-मदिनेत खोल्यांचे करार, जेवणाची सोय, हाजींची ने-आण हे सगळं हॉटेलचंच काम आहे, आणि त्यात पैशाची शिस्त फार लागते. जवळच नांदेडला तख्त सचखंड हुजूर साहिबमुळे वर्षभर यात्रेकरू येतात. २००८ च्या गुर-ता-गद्दी सोहळ्यापासून तिथे निवासाच्या सोयी वाढत गेल्या. धार्मिक पर्यटनाचा धंदा काय असतो हे आपल्याला चाळीसेक किलोमीटरवर बघायला मिळतं.

७. बँका, विमा, रिटेल. इथे हॉटेलची डिग्री विचारली जात नाही, पण बोलण्याची सवय कामी येते. मात्र इथे बीकॉम, बीबीए, इंजिनिअरिंगवाल्यांशी सरळ स्पर्धा असते.

यातलं एकही काम आवडत नसेल आणि मुलाला शेफच व्हायचं असेल, तर जनरल एमबीएची गरज नाही. तेच पैसे आणि दोन वर्षं चांगल्या किचनमध्ये किंवा बेकरीच्या खास कोर्समध्ये घातलेली बरी.

आधी नोकरी की आधी एमबीए

आमचा सल्ला असा की डिग्रीनंतर निदान दीड-दोन वर्षं नोकरी करावी. याची कारणं तीन. एक, मुलाखतीत "हॉटेल का सोडलं" या प्रश्नाला खरं उत्तर देता येतं. दोन, प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्या अनुभव बघतात. कोर्सच्या ट्रेनिंगचे चार-सहा महिने अनुभवात धरलेच जातील असं नाही. तीन, थोडे पैसे जमतात, घरावरचा भार कमी होतो.

पण चार-पाच वर्षांपेक्षा जास्त थांबू नये. पगार वाढलेला असतो, लग्न झालेलं असतं, घर चालवायचं असतं, आणि दोन वर्षं बिनपगारी काढणं जड जातं. अशा माणसाने नोकरी सांभाळून इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा एमबीए करावा. त्यात कॅम्पस प्लेसमेंट मिळेल अशी आशा धरू नये, पण आहे त्याच कंपनीत वरच्या पदासाठी डिग्री कामाला येते.

खर्चाचा हिशोब असा मांडा

पुढचे आकडे फक्त नमुना आहेत. प्रत्येकाने आपले आकडे टाकून बघावेत.

समजा, मुलाला आज महिना १८,००० रुपये पगार आहे. एमबीएची दोन वर्षांची फी ३ लाख, राहणं-खाणं आणि पुस्तकं २ लाख. झाले ५ लाख. नोकरी सोडल्यामुळे बुडालेला दोन वर्षांचा पगार ४ लाख ३२ हजार. म्हणजे खरा खर्च ९ लाख ३२ हजार.

आता समजा, नोकरी न सोडता दोन वर्षांनी त्याचा पगार २४,००० झाला असता आणि एमबीएनंतर ३०,००० मिळाला. फरक महिना ६,०००, वर्षाला ७२,०००. खर्च भरून यायला जवळपास १३ वर्षं लागतील. तोच पगार ३९,००० मिळाला तर फरक वर्षाला १ लाख ८० हजार आणि खर्च पाच वर्षांच्या थोड्या पुढे निघतो.

म्हणून कॉलेज बघताना "सर्वात मोठं पॅकेज किती" हे विचारू नका. विचारा, "मागच्या वर्षी वर्गात किती मुलं होती, किती जणांना नोकरी लागली, आणि मधल्या मुलाचा पगार किती होता?" उत्तर टाळलं तर समजून घ्या. तिथे शिकलेल्या दोन-तीन मुलांशी स्वतः फोनवर बोला.

प्रवेश परीक्षा

महाराष्ट्रात मुख्य परीक्षा म्हणजे एमएएच-एमबीए/एमएमएस-सीईटी. ती राज्याचं सीईटी सेल घेतं. आतापर्यंतचा नमुना असा आहे : २०० प्रश्न, १५० मिनिटं. तर्कक्षमतेचे ७५, आकृत्यांच्या तर्काचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के लागतात. शेवटच्या वर्षाची मुलंही परीक्षेला बसू शकतात.

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांचं गणित तीन-चार वर्षांत सुटलेलं असतं. पण हिशोब बघा, गणिताचे प्रश्न ५० आणि दोन्ही तर्कांचे मिळून १००. तर्काला गणिताचा मोठा आधार लागत नाही, सराव लागतो. रोज दोन तास, सहा महिने, आणि दर आठवड्याला घड्याळ लावून एक पूर्ण सराव पेपर. गणितात आठवी ते दहावीचं शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग पक्कं करावं. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीचा रोज एक उतारा वाचावा आणि त्यावरचे प्रश्न सोडवावेत. इंग्रजी बोलता येत असलं तरी वाचून उत्तर देणं ही वेगळी सवय आहे.

कॅट ही आयआयएमची परीक्षा. वर्षातून एकदा, साधारण नोव्हेंबरअखेर होते. दोन तास, तीन भाग, प्रत्येक भागाला ४० मिनिटं. पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर गुण कापले जातात. महाराष्ट्रात नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे आणि पवईची जुनी निटी संस्था २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. सगळ्यांनी कॅटच्या मागे लागावं असं नाही, पण तयारी चांगली असेल तर अर्ज जरूर भरावा.

कुठे शिकावं

घराजवळ बघायचं तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात वाणिज्य व व्यवस्थापनशास्त्र संकुल आहे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग आहे. विद्यापीठाच्या विभागांची फी खासगी कॉलेजांपेक्षा सहसा कमी असते. मुंबईत जमनालाल बजाज आणि सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, पुण्यात विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, हे सीईटीतून मिळणारे वरचे पर्याय. तिथे गुण फार चांगले लागतात.

आपल्या समाजाच्या संस्थांबद्दल एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. काही ठिकाणी हॉटेल मॅनेजमेंट आणि एमबीए दोन्ही एकाच संस्थेच्या छत्राखाली आहेत. छत्रपती संभाजीनगरला रौजा बाग परिसरात डॉ. रफिक झकेरिया यांनी उभ्या केलेल्या मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्टची आयएचएम आहे. ती १९८९ मध्ये सुरू झाली, ताज ग्रुपशी आणि ब्रिटनच्या हडर्सफील्ड विद्यापीठाशी तिचं नातं राहिलेलं आहे. त्याच परिसरात मिलेनियम इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ही एमबीएची संस्था आहे. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीचं एम. ए. रंगूनवाला हॉटेल मॅनेजमेंट कॉलेज आणि अलाना इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सायन्सेस आहे. मुंबईत १८७४ पासून काम करणाऱ्या अंजुमन-ए-इस्लामची अलाना इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज आहे. हॉटेलचं शिकत असतानाच एमबीएच्या शिक्षकांना भेटून विचारणं अशा ठिकाणी सोपं जातं.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी जागांचा मोठा वाटा असतो. तिथे प्रवेश घेतला म्हणजे शिक्षण चांगलंच, असं धरून चालू नये. वरचा मधल्या पगाराचा प्रश्न तिथेही विचारावा.

राज्याबाहेर अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामिया आणि हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ इथेही एमबीए आहे. प्रत्येकाची प्रवेशप्रक्रिया वेगळी आहे, राज्याच्या सीईटीवर तिथे प्रवेश मिळत नाही. हैदराबादच्या उर्दू विद्यापीठाला उर्दू शिकल्याचा पुरावा लागतो, तो आपल्या उर्दू शाळांतल्या मुलांकडे असतोच.

कागदपत्रं : सगळ्यात जास्त प्रवेश इथेच अडतात

सीईटीत गुण पडूनही कागद नसल्यामुळे सवलत हुकलेली मुलं दरवर्षी दिसतात. म्हणून परीक्षेच्या अर्जाच्या दिवशीच फाइल तयार ठेवा.

— दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका.
— शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर धर्म 'मुस्लिम' स्पष्ट लिहिलेला असावा. अल्पसंख्याक जागेसाठी हा कागद उपयोगी पडतो.
— रहिवासी व राष्ट्रीयत्वाचा दाखला.
— उत्पन्नाचा दाखला, वसमत तहसीलमधून, चालू वर्षाचा.
— ओबीसी असाल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमीलेअर. बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी, मण्यार, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत.
— ओबीसीत नसाल आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस दाखला.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या भागात आजोबा-पणजोबांच्या शाळेचे आणि जमिनीचे कागद निजामी काळातले, उर्दूत असतात. दाखल्यावर जात न लिहिता नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. अशा वेळी शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, जुने महसुली कागद शोधून त्यांचं अधिकृत मराठी भाषांतर करून घ्यावं लागतं. या कामाला महिने लागतात. मूल डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात असतानाच सुरुवात करा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. अल्पसंख्याक कॉलेजात ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसच्या वेगळ्या राखीव जागा नसतात. म्हणून ऑनलाइन पर्याय भरताना दोन्ही प्रकारची कॉलेजं टाका. एकीकडे अल्पसंख्याक जागा, दुसरीकडे तुमचा राखीव प्रवर्ग.

फी सवलत, शिष्यवृत्ती आणि कर्ज

राज्याच्या बहुतेक फी सवलती कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होतात. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की सवलत जाते. खासगी आणि अभिमत विद्यापीठांतही ती मिळत नाही. "आमच्याकडे सीट आहे, लगेच पैसे भरा" असं सांगणाऱ्या एजंटाच्या नादी लागण्याआधी हे आठवा.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मुलीचा एमबीए "परवडत नाही" म्हणून थांबवण्याआधी हे नक्की तपासा.

याशिवाय उच्च व व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. हे सगळे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. कोणत्या योजना एकत्र घेता येतात हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून मगच अर्ज करा. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

कॉलेजची फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि आपल्या वेबसाइटवर टाकतं. त्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागा.

कर्जाबाबत : मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिचा व्याजदर बँकांपेक्षा कमी असतो. बँकांची कर्जं विद्यालक्ष्मी पोर्टलवरून मागता येतात. ज्या घरांत व्याजाचं कर्ज घ्यायचंच नाही असं ठरलेलं आहे, त्यांनी फीचे हप्ते, नात्यातलं कर्ज-ए-हसना आणि समाजाच्या शैक्षणिक ट्रस्टची मदत आधी बघावी. विद्यार्थी जकातीला पात्र ठरतो का, हे आलिमांना विचारून घ्यावं. नात्यातल्या कर्जाचीही लेखी नोंद ठेवा. किती घेतलं, कधी परत करायचं, दोन साक्षीदार. लिहून ठेवल्याने नातं टिकतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हॉटेल मॅनेजमेंटवाल्याला एमबीएत कमी लेखतात का? नाही. वर्गात वेगवेगळ्या डिग्रीची मुलं असतात. पहिल्या सेमिस्टरला हिशोब आणि संख्याशास्त्र जड जातं. प्रवेशाआधीच्या दोन महिन्यांत अकाउंट्सची अकरावीची पुस्तकं वाचून ठेवली तर बरं जातं.

कोणता विषय घ्यावा? बोलायला आवडत असेल तर मार्केटिंग, आकडे आवडत असतील तर फायनान्स किंवा अॅनालिटिक्स, कामाची घडी बसवायला आवडत असेल तर ऑपरेशन्स. एचआरला हॉटेलचा अनुभव उपयोगी पडतो, पण सुरुवातीच्या जागा कमी असतात.

आखातात जायचं असेल तर एमबीए लागतो का? सुरुवातीच्या नोकरीसाठी नाही. तिथे अनुभव, इंग्रजी आणि कामाची सर्टिफिकेटं बघतात. मॅनेजरच्या पुढे जाताना एमबीए मदत करतो. एजंटला पैसे देण्याआधी तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघा.

स्वतःचं हॉटेल किंवा केटरिंग टाकायचं असेल तर? एमबीएची फी भांडवलात टाकायची की शिक्षणात, याचा विचार करा. एखाद्या चालत्या धंद्यात एक वर्ष खरेदी आणि हिशोबाच्या गल्ल्यावर बसून घेतलेला अनुभवही मोठं शिक्षण असतं.

या वर्षी काय करायचं

मूल डिग्रीच्या शेवटच्या वर्षात असेल तर आत्ता दोन कामं करा. जात वैधतेची फाइल जिल्हा जात पडताळणी समितीला किंवा ईडब्ल्यूएसची फाइल तहसीलला द्या, आणि मुलाला वर दिलेल्या सात कामांपैकी दोन निवडायला सांगा. त्या कामात असलेला एक-एक माणूस शोधून मुलाची त्याच्याशी गाठ घालून द्या. मूल आधीच नोकरीत असेल तर नोकरी लगेच सोडू देऊ नका. सीईटीचा अर्ज नोकरी करतच भरता येतो, अभ्यासही करता येतो. निकाल लागल्यावर मिळालेलं कॉलेज, बसणारी सवलत आणि मधला पगार हे तीन आकडे कागदावर लिहून अम्मी, अब्बू आणि मूल तिघांनी बसून बघावेत. हिशोब जमला तर राजीनामा द्यावा. नाही जमला तर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येते, आणि हातातली नोकरीही राहते.